ऋषीच्या वाफ्यातली पिवळी पानं

सुभद्राने आनंदाच्या तोंडावर हात दाबून धरला होता. आनंदाला गप्प बसणं म्हणून माहीत नव्हतं, आणि रहाटाच्या आडोशाला लपून मोठ्यांचं बोलणं ऐकायचं म्हणजे गप्प बसणं आलंच. शेजारी मंजुळा ओल्या मातीत पोटावर पालथी पडली होती. तिचा नवा परकर पार चिखलात माखला होता आणि घरी गेल्यावर तिला भरपूर बोलणी बसणार होती. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

विहिरीच्या काठावर मंजुळाचे काका तुळशीदास तिच्या आईला, सोनूबाईंना, समजावत होते. समजावत होते हे आपलं म्हणायचं. तुळशीकाकांचं समजावणं म्हणजे समोरचा मान डोलावेपर्यंत तेच ते बोलत राहणं.

त्यांचं म्हणणं असं, की वाडीतली भेंडी पिवळी पडतेय ती गिरगावच्या पाहुण्यांमुळे. ती बाई आणि तिची दोन पोरं मरीच्या चाळीतून उठून इथे आली, त्यांनी विहिरीवर कपडे धुतले, ते पाणी पाटातून वाफ्यांत गेलं आणि माणसांची मरी झाडांना लागली. हनुमान जयंती झाली की भाजीचा खटारा गिरगावला जाणारच आहे. त्यातच त्यांना बसवायचं आणि त्यांच्या चाळीपाशी उतरवून यायचं.

"तुम्हाला तोंडावर सांगायला जड जात असेल तर मी सांगतो वहिनी," तुळशीकाका म्हणाले. "भेंडी गेली तर आपण पावसाळ्यात खायचं काय?"

सोनूबाईंनी काठावरची कळशी उचलली. हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. हनुमान जयंतीपर्यंत बघू, एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. सुभद्राचा हात आनंदाच्या तोंडावरून आपोआप खाली आला. आणि गंमत बघा, आता बोलायची मोकळीक मिळाली तर आनंदा गप्पच होता.

ही गोष्ट १८९८ सालची. माहीम तेव्हा नारळीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्यांनी भरलेलं होतं आणि तिकडे मुंबई शहरात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगच्या मरीने, हाहाकार उडवला होता. शाळा बंद होत्या. शाळा बंद म्हणजे सुट्टी आणि सुट्टी म्हणजे चंगळ, असं तुम्हाला वाटेल. अरे बाबांनो, असली सुट्टी वैऱ्यालाही नको. सुभद्रा बारा वर्षांची आणि आनंदा नऊ वर्षांचा. गिरगावात त्यांच्या चाळीत आधी जिन्याखाली उंदीर मरून पडायला लागले, मग तळमजल्यावरची दोन माणसं गेली. त्यांचे वडील गंगाधर लालबागच्या गिरणीत कामाला होते, ते रात्री गिरणीतच निजायला लागले. कोकणात गावी जावं तर बोटीवर चढू देत नव्हते. नातेवाइकांनी तर दारं लावून घेतली होती. शेवटी आई, म्हणजे गंगुबाई, दोन पोरं आणि एक गाठोडं घेऊन माहीमला सोनूबाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

ओळख ती काय? सोनूबाई गिरगावात दारोदार भाजी विकायच्या. दरवर्षी ऋषिपंचमीची भाजी गंगुबाई त्यांच्याकडूनच घ्यायची. तेवढ्याच ओळखीवर सोनूबाईंनी गोठ्याशेजारची खोली झाडून दिली आणि पोरांपुढे भाकरी ठेवली. त्या दिवसांत सख्खा भाऊ जे करत नव्हता ते या बाईने केलं होतं, हे ध्यानात ठेवा. कारण पुढे तिच्यावर रागवायची वेळ येईल तेव्हा मला तुम्हाला आवरावं लागेल.

मुलं तिथून निघाली ती थेट कोळीवाड्यात जगनकडे गेली. जगन मंजुळाच्या वयाचा, म्हणजे अकरा-बारा वर्षांचा. त्याच्या घरून वाडीला खतासाठी सुक्या मासळीचा कुटा जायचा, त्यामुळे तो निम्मा दिवस वाडीतच असायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की तुळशीकाकांची पाण्याची गोष्ट काही त्याला पटत नाही. ते पाणी तर मिरच्यांनाही जातं. मग मिरच्या कशा हिरव्यागार?

"मिरच्यांना मरी तिखट लागत असेल," आनंदा म्हणाला. सुभद्राने त्याला एक टपली मारली, पण तिलाही आतून बरं वाटलं. आनंदाला वाचा फुटली होती.

सुभद्राचं डोकं मात्र भणभणत होतं. तिला चाळीतला जिना आठवत होता. तिथे तिला परत जायचं नव्हतं. तिने ठरवून टाकलं. भेंडी कशाने पिवळी पडते ते शोधायचं, आणि तेही खटारा जुंपायच्या आत. बाकीच्यांनी लगेच होकार दिला. मंजुळाने जरा जास्तच जोरात दिला, कारण इतक्या वर्षांत तिला वाडीत खेळायला पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी चौघांनी सगळी वाडी पालथी घातली. तुळशीकाकांनी विचारलं तेव्हा जगनने बेधडक सांगितलं की आनंदाची विटी हरवली आहे. ही थाप सगळ्यांना फार उपयोगी पडली, कारण विटी हरवली म्हणजे कुठेही वाकून बघता येतं.

वाकून बघितलं तेव्हा एकेक गोष्ट उलगडायला लागली. रोग लागलेल्या भेंडीच्या पानाच्या सगळ्या शिरा पिवळ्या झालेल्या असायच्या, जणू कुणी हळदीच्या बोटाने पानावर जाळं काढलंय. मधला भाग आधी हिरवा राहायचा, मग तोही पिवळा व्हायचा. अशा झाडाची भेंडी फिकट, खुरटी आणि राठ निघायची. आता तुळशीकाकांचं खरं असेल, तर कपडे धुवायच्या दगडाजवळची झाडं सगळ्यात आधी पिवळी पडायला हवी होती. पण ती तर टवटवीत होती! पिवळेपणा होता तो वाडीच्या पश्चिमेच्या कडेला, समुद्राच्या बाजूला. तिथून तो वाफ्यामागून वाफा घेत पूर्वेकडे सरकत आला होता.

"पश्चिमेच्या कडेला काय आहे?" सुभद्राने विचारलं.

मंजुळा एकदम घुटमळली. मग हळूच म्हणाली, की तिकडे ऋषीचा वाफा आहे, आणि तिकडे जायचं नाही.

आता हा ऋषीचा वाफा म्हणजे काय ते सांगायला हवं. ऋषिपंचमीला उपास करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं नाही, बैलाने ओढलेल्या पाण्यावरचंही नाही. म्हणून सोनूबाईंच्या वाडीत एक वाफा वेगळा राखलेला होता. तो कुदळीने खणायचा, पोहऱ्याने पाणी शेंदून हाताने शिंपायचा आणि बीसुद्धा त्यातलंच पुन्हा त्यात पेरायचं. गिरगावातल्या बायका त्या भाजीची वाट बघायच्या. सोनूबाईंच्या सासूच्या सासूपासून हे चाललेलं होतं.

त्यात आणखी एक रीत होती. वाफ्याला नांगर लागत नाही, म्हणून जुनी झाडं पुढच्या पेरणीपर्यंत कुणी उपटायची नाहीत. आदल्या भादव्यातली भेंडी तशीच उभी होती. शेंडे खुडले की ती पुन्हा फुटायची. बाकीच्या वाडीत पीक संपलं की नांगर फिरायचा आणि सगळं जुनं मातीत जायचं. इथे तसं नव्हतं. ती झाडं आता उंच वाढली होती आणि त्यांचं पानन् पान पिवळं होतं. पण त्याची कुणाला काळजी वाटत नव्हती. उलट, ऋषींच्या झाडांना हळद लागली, शुभ झालं, असं शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या आणि वाफ्याला हात जोडून जायच्या. सोनूबाईंनाही ते खरंच वाटायचं.

आनंदाला या रीतीशी काही देणंघेणं नव्हतं. मंजुळाचं सांगून होतंय तोवर स्वारी वाफ्यात शिरलीसुद्धा, आणि एका झाडाला धक्का लागला. झाडातून भस्सकन पीठ उडालं. निदान आनंदाला ते पीठच वाटलं. ते त्याच्या नाकातोंडात गेलं आणि तो सटासट शिंकत बाहेर आला. त्याच्या सदऱ्यावर पांढरे कण बसले होते, आणि ते कण चालत होते.

चौघंही खाली वाकले. तिळाच्या चौथाईएवढ्या माश्या होत्या त्या. पांढऱ्याशुभ्र पंखांच्या. मग त्यांनी ऋषीच्या वाफ्यातली पानं उलटून बघितली, तर मागच्या बाजूला त्यांची खच्चून गर्दी. शेजारच्या वाफ्यातली पानं उलटली, तर तिथेही. जसजसं पूर्वेकडे जावं तशा त्या कमी होत गेल्या आणि कपड्यांच्या दगडाजवळ एकही नव्हती. तेवढ्यात समुद्रावरून दुपारचा वारा सुटला, आणि आनंदाने उडवलेलं ते पीठ पूर्वेकडे भेंडीवर जाऊन उतरताना मुलांनी डोळ्यांनी बघितलं.

जगन म्हणाला, झालं, चला सांगायला. मंजुळा घाबरली. ऋषीच्या वाफ्यातून रोग येतो असं आईला सांगायचं म्हणजे देवघरातल्या देवालाच चोर म्हणण्यासारखं आहे, असं तिचं म्हणणं. आणि तुळशीकाका तर म्हणतील, स्वतःचं पाप झाकायला पोरांनी देवावर आळ घेतला. ते खरंही होतं. सुभद्रा पाटाच्या कडेला विचार करत बसली. तिला गिरगावातला एक प्रसंग आठवत होता. चाळीत तपासणीला आलेल्या माणसांनी सरळ तिच्या आईला दरडावून विचारलं होतं, की तुम्ही रोग कुठून आणला. आईने कुठून आणला असता? आई तर घराबाहेर पडत नव्हती. पण नुसतं नाही म्हटल्याने कुणी ऐकत नाही, हे सुभद्रा तेव्हाच शिकली होती.

"नुसतं सांगून कोण ऐकणार? दाखवायला हवं," ती म्हणाली.

युक्ती तिची, पण ती पार पाडायला चौघंही लागले. जगनच्या घराच्या परसात, वाडीपासून बरंच लांब, त्याच्या आईने चार भेंड्या लावल्या होत्या. तिथली तीन लहान रोपं मुलांनी मुळांसकट काढून फुटक्या गाडग्यांत लावली. तिन्ही हिरवीगार, एकसारखी. आता एका गाडग्यात ऋषीच्या वाफ्यातल्या पांढऱ्या माश्या सोडायच्या. दुसऱ्यात माशी नाही, पण त्याच वाफ्यातलं पिवळं पान, स्वच्छ धुऊन, रोपाला घट्ट बांधायचं. तिसऱ्याला रोज गंगुबाईच्या कपडे धुतलेल्या बादलीतलं पाणी घालायचं. तिन्हींवर काटक्यांचा मांडव करून इतकं तलम कापड बांधायचं की आतली माशी बाहेर जाऊ नये आणि बाहेरची आत येऊ नये.

असं तलम कापड आणायचं कुठून? सुभद्राने वडिलांचं मलमलीचं उपरणं गाठोड्यातून काढलं आणि फाडलं. फाडताना तिला रडू आलं, कारण आई संध्याकाळी ते उपरणं मांडीवर घेऊन बसायची. पण फाडलं.

माश्या पकडायला त्यांनी पहाटेची वेळ गाठली. पहाटेच्या गारव्यात त्या सुस्त असतात, हे आनंदाने शोधून काढलं होतं. त्याच्या शिंका वाया गेल्या नव्हत्या. चौघंही ऋषीच्या वाफ्यात शिरले आणि एका पिवळ्या फांदीवर गाडगं उपडं धरून हळूहळू झटकायला लागले. एवढ्यात कळशीचा आवाज आला. सोनूबाई पाणी शिंपायला आल्या होत्या.

मुलं जागच्या जागी खाली बसली. सोनूबाईंनी झाडांच्या मुळाशी ओंजळीने पाणी घातलं. पाणी मुलांच्या पायांवरून वाहत होतं, पण कुणी हललं नाही. मग त्यांनी कळशी खाली ठेवली, हात जोडले आणि समोर माणूस उभा असावा तसं बोलायला लागल्या.

"भेंडी न्यायची तर न्या. पण त्या लेकरांना घालवायची पाळी माझ्यावर आणू नका," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून ते निघायचं नाही, आणि नाही निघालं तर माझी वाडी जाईल. मी काय करू ते सांगा."

बोलता बोलता त्या रडायला लागल्या. सुभद्राला वाटलं, उठावं आणि त्यांच्या कमरेला मिठी मारावी. शेजारी मंजुळाचे डोळे भरून आले होते. आईला रडताना तिने कधी बघितलं नव्हतं. सोनूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि कळशी उचलून निघून गेल्या. मुलांनी माश्यांचं गाडगं मलमलीने बांधलं आणि धावत कोळीवाडा गाठला.

मग दोन आठवडे वाट बघणं आलं. अहो, साहसकथांमध्ये लोक घोडे उधळतात, भिंतींवरून उड्या मारतात. पण खरं सांगू, हिरव्या पानाकडे रोज टक लावून बघत बसण्याइतकं अवघड साहस नाही. रोप आज हिरवं, उद्याही हिरवं. जगनची आई रखमा हिने विचारलं, तेव्हा जगनने पुन्हा विटी हरवल्याचं सांगितलं. रखमा म्हणाली, की विटी सुकत घातलेल्या बोंबलांच्या मागे गाडग्यात सापडते हे तिला नवीनच कळलं. पण तिने गाडगी हलवली नाहीत.

इकडे वाडीतला पिवळेपणा वाढत होता. तुळशीकाका आता सरळ गंगुबाईच्या समोरच बोलायला लागले. गंगुबाईने विहिरीवर कपडे धुणं बंद केलं, मग विहिरीवर जाणंच बंद केलं. लांबून पाणी आणायची. उपरणं नाहीसं झाल्याचं तिला कळलं होतं. तिने गाठोडं दोनदा उपसून बघितलं, आणि ते चाळीतच राहिलं असेल असं स्वतःशीच म्हणाली. सुभद्राला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक दिवस गंगुबाईने सामान बांधायला घेतलं. आनंदाने विचारलं, आपण जायचं का? तर ती म्हणाली, "ज्यांनी ठेवून घेतलं त्यांना बोल लागू नये रे बाळा." एवढं बोलून तिने गाठ आवळली.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी गाडगी तुळशीकाकांच्या हाती लागली. ते कुटा आणायला कोळीवाड्यात गेले होते. बोंबील वाळत घालायच्या दांड्यांच्या वलांडीमागे त्यांना तीन गाडगी दिसली. कापडाने तोंडं बांधलेली, दोऱ्याने आवळलेली, एकात तर ऋषीच्या वाफ्यातलं पान झाडाला बांधलेलं. आणि शेजारी बसलेली कोण, तर सुभद्रा! तुळशीकाकांचा चेहराच बदलला. त्यांनी एका हातात सुभद्राचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने टोपली उचलून त्यात गाडगी घातली आणि तिला ओढत वाडीवर आणलं. मागून जगन, मंजुळा आणि आनंदा धावत आले.

"बघा वहिनी, करणी!" तुळशीकाका ओरडले. ते नुसते रागावले नव्हते, घाबरलेही होते. "ऋषीच्या वाफ्यातली पानं नेऊन बांधलीत. आपली वाडी बुडवायला निघालीत ही माणसं."

गंगुबाई खोलीतून बाहेर आली. तिने टोपलीकडे बघितलं आणि एका गाडग्यावरच्या कापडाचा काठ बोटांत धरला. नवऱ्याचं उपरणं तिने ओळखलं होतं. सुभद्राचं मनगट दुखत होतं. इतके दिवस तिने काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं आता काही म्हणता काही आठवेना.

बोलला तो आनंदा. त्याने सोनूबाईंचा पदर ओढला आणि सांगितलं, की करणी असली तर असू दे, पण आधी उघडून तर बघा.

तुळशीकाका नको म्हणत असताना सोनूबाई खाली बसल्या आणि त्यांनी पहिली गाठ सोडली. ते कपड्यांच्या पाण्याचं रोप होतं. हिरवंगार. दुसरी सोडली. त्यात पिवळं पान बांधलेलं होतं, पान सडून काळं पडलं होतं, पण रोप हिरवंच. तिसरी गाठ सोडताच चारदोन पांढऱ्या माश्या भुरकन उडाल्या. आतल्या रोपाच्या कोवळ्या पानांच्या सगळ्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या होत्या.

मग सुभद्राला वाचा फुटली. तिने एकेक करून सगळं सांगितलं. रोपं कुठली, पाणी कुठलं, माश्या कुठून धरल्या. दगडाजवळची भेंडी हिरवी का आणि समुद्राकडची पिवळी का. ऋषीच्या वाफ्याचं नाव घेताना तिचा आवाज अडखळला, तेव्हा मंजुळा पुढे झाली आणि म्हणाली, "खरं आहे आई. मी बघितलंय. माश्या तिथेच वाढतात."

आता एवढं सांगतो, की या मुलांनी अर्धंच कोडं सोडवलं होतं. माशी पिवळ्या झाडाचा रस पिते आणि हिरव्या झाडावर जाऊन बसते, हे त्यांना कळलं. पण ती सोबत काय घेऊन जाते ते त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तो विषाणू होता, इतका बारीक की तेव्हाच्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून दिसला नसता. त्याच सुमारास दूर परदेशात एक शास्त्रज्ञ तंबाखूच्या पानांवरच्या अशाच एका रोगापुढे डोकं खाजवत बसला होता. तेव्हा माहीमच्या चार मुलांना अर्धं कोडं सुटलं, हे काही थोडं नाही.

तुळशीकाका सहजी हार मानणारे नव्हते. तीन गाडग्यांनी काय होतं, असं ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. आणि समजा खरं असलं, तरी ऋषीचा वाफा उपटणार कोण? चार पिढ्यांचं बी त्यात आहे. या वर्षी पंचमीला गिरगावच्या बायकांना काय देणार?

सोनूबाई उठल्या आणि पश्चिमेकडे चालायला लागल्या. सगळे मागोमाग गेले. वाफ्यापाशी जाऊन त्यांनी एक पान उलटून बघितलं. मग दुसरं, मग तिसरं. इतकी वर्षं त्या रोज या झाडांना पाणी घालत होत्या, पण पान उलटून बघायचं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"बैलाला कष्ट होऊ नयेत म्हणून हा वाफा राखला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "बैलाची एवढी कणव असणाऱ्या ऋषींना, मी ही पोरं मरीच्या तोंडी दिलेली चालली असती का हो भावोजी?"

तुळशीकाकांनी मान खाली घातली. सोनूबाईंनी वाफ्याला नमस्कार केला, पदर खोचला आणि पहिलं झाड स्वतःच्या हातांनी उपटलं. ते सहज निघालं नाही, मुळं खोल गेली होती. मग मंजुळाने हात घातला, मग गंगुबाईने. पोरांनी सुकी पेंढी आणली आणि उपटलेलं सगळं जागच्या जागी जाळलं. वाडीतली निम्मी भेंडी तर गेलीच होती. पिवळं झाड पुन्हा हिरवं होत नाही. पण पूर्वेकडची वाचवता येणार होती. अंधार पडायच्या आत तुळशीकाका एका वाफ्यात उभे राहिले, सुभद्राकडे न बघता घसा खाकरला आणि म्हणाले, "सांग गं, यातलं कुठलं उपटू?" एवढा मोठा माणूस बारा वर्षांच्या पोरीला विचारून झाडं उपटत होता. सोनूबाई म्हणाल्या, की या पोरांचे डोळे देवाने मोठ्यांना द्यायला हवे होते.

हनुमान जयंती झाली. दुसऱ्या दिवशी भाजीचा खटारा गिरगावला गेला, तो पाहुण्यांना न घेताच. गंगुबाईने तुळशीकाकांना एवढंच सांगितलं, की वाटेत लालबागला यांची खुशाली विचारा आणि जमलं तर चाळीतून आमची दोन पातेली आणा.

तुळशीकाका परतले तेव्हा ऊन कलत आलं होतं. खटाऱ्यात लालबागहून सोबत घेतलेले मुलांचे वडील बसलेले होते. आनंदा ओरडतच धावला आणि त्यांच्या गळ्यात पडला. सुभद्राही धावली, पण मध्येच थांबली. पातेली आणलेली नव्हती, आणि तुळशीकाका बैल न सोडता तसेच उभे होते.

गंगुबाईने विचारलं, काय झालं. तुळशीकाकांनी हातातला कासरा जुवाला गुंडाळला. मग म्हणाले, की चाळीत वरपर्यंत जाताच आलं नाही. मजला बंद केलाय. त्यांच्या खोलीच्या दोन्ही बाजूंची बिऱ्हाडं गेली. डावीकडच्या धोंडूंचं घर तर सगळंच गेलं, कडेवरच्या पोरासकट. याच आठवड्यात.

धोंडूंच्या पोराला सुभद्रा रोज अंगाखांद्यावर खेळवायची. ती आईच्या कुशीत शिरली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"गंगुताई, मी तुम्हाला आज तिथे उतरवून येणार होतो," तुळशीकाका म्हणाले. "पोरांना हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवणार होतो मी."

ते तिथेच खटाऱ्याच्या चाकाला टेकून खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढा मोठा, खणखणीत आवाजाचा माणूस, पण त्याचे खांदे गदगदत होते. मुलांना काय करावं ते कळेना. गंगुबाईने सुभद्राला बाजूला केलं, आत गेली आणि भाकरी व भेंडीची भाजी वाढलेलं ताट घेऊन बाहेर आली. पूर्वेकडच्या वाफ्यातली, वाचलेली भेंडी होती ती.

"सकाळपासून उपाशी आहात भावोजी," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."

तुळशीकाकांनी ताट घेतलं. आनंदा त्यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि दोघं एकाच ताटात जेवले.